‘मधुमेहपूर्व’ : एक संज्ञा आणि तिची मर्यादा

रोगाचे नाव त्या रोगाकडे पाहण्याची दृष्टीही ठरवीत असते. ‘मधुमेह’ या शब्दात मूत्राच्या माधुर्याचा निर्देश आहे. परंतु रक्तातील साखर दर डेसिलिटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यावाचून सामान्यतः मूत्रात उतरत नाही. उपाशीपोटी १०० ते १२५ मिलिग्रॅम साखर असणारी व्यक्ती म्हणूनच या शब्दार्थाच्या कक्षेबाहेर राहते. तिच्या स्थितीस ‘मधुमेहपूर्व अवस्था’ म्हणतात. बोलीत ‘शुगर बॉर्डरवर आहे’ एवढेच म्हटले जाते.

ही सीमा आली कोठून? १९९७ साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या तज्ज्ञसमितीने निदानाची उपाशीपोटीची मर्यादा १४० वरून १२६ मिलिग्रॅमवर आणली. साखरेच्या कोणत्या पातळीपासून दृष्टिपटलाचा विकार झपाट्याने वाढतो, याविषयीची निरीक्षणे हा त्या विचाराचा एक प्रमुख आधार होता. तात्पर्य, ही रेषा बऱ्याच अंशी डोळ्यावरून आखली गेली. तथापि डोळाही ती काटेकोरपणे पाळीत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात मधुमेहपूर्व अवस्थेतील सुमारे ८ टक्के व्यक्तींच्या दृष्टिपटलावर विकाराची चिन्हे आढळली. अशी चिन्हे केवळ साखरेमुळेच उद्भवतात असे नाही. वाढलेला रक्तदाबही सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करतो.

हृदयाच्या बाबतीत तर अशी रेषाच सापडत नाही. धोका साखरेच्या पातळीबरोबर हळूहळू चढत जातो आणि रक्तदाब, ट्रायग्लिसराइड व पोटावरील चरबी यांची त्याला जोड मिळते. येथे महाराष्ट्रातील संशोधन विशेष महत्त्वाचे ठरते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की, भारतीय शरीर वजनाने हलके असूनही त्यात चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०११ च्या अहवालानुसार महाराष्ट्रातील १२.८ टक्के प्रौढ मधुमेहपूर्व अवस्थेत होते.

परभणी जिल्ह्यातील सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी या गोष्टीचा अर्थ स्पष्ट आहे. शेतात राबणारा सडपातळ माणूस स्वतःला धोक्याबाहेर समजतो, आणि ‘बॉर्डर’ हा शब्द त्याच्या त्या समजुतीला दुजोरा देतो. सीमा ओलांडली नाही, तेव्हा काही झाले नाही, असा तो अर्थ लावतो. ‘पूर्व’ या पदातूनही हाच ध्वनी निघतो की, हानी पुढे व्हायची आहे. वस्तुतः ती सुरू झालेली असू शकते.

मात्र ही अवस्था अटळ उतारही नव्हे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय प्रयोगात केवळ आहार व व्यायाम यांतील बदलाने मधुमेहाचे प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटले. म्हणून साखरेचा आकडा सांगताना रक्तदाब व कमरेचा घेर मोजणे आणि त्या आकड्याचा अर्थ रुग्णाच्या भाषेत उलगडून सांगणे, हाही उपचाराचाच भाग होय. ‘बॉर्डर’ म्हणजे सुटका नव्हे, सावध होण्याची वेळ, एवढे तरी त्याला कळले पाहिजे.