गर्भपातोत्तर मानसिक स्वास्थ्य
गर्भपातानंतर स्त्रीच्या भावना, मनःस्थिती व वर्तन यांत दिसून येणाऱ्या बदलांचा विचार या विषयात केला जातो. आयुर्वेदात चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ पडल्यास गर्भस्राव व त्यानंतर पाचव्या-सहाव्या महिन्यांत पडल्यास गर्भपात, असा भेद केलेला आहे. प्रचलित मराठीत मात्र आपोआप होणाऱ्या व हेतुपूर्वक केलेल्या अशा दोन्ही घटनांना ‘गर्भपात’ हा एकच शब्द लावतात. मानसिक परिणामांच्या दृष्टीने ही संदिग्धता अडचणीची आहे. कारण हवा असलेला गर्भ गमावणे ही शोकाची घटना असते, तर नको असलेली गर्भधारणा संपविणे हा घेतलेला निर्णय असतो.

हेतुपूर्वक केलेल्या गर्भपातानंतर सुटकेची भावना सर्वाधिक आढळते. तिच्याबरोबरच खिन्नता, रडू येणे, अपराधभाव, पोकळपणा यांचाही अनुभव येतो व परस्परविरोधी वाटणाऱ्या या भावना एकाच वेळी नांदू शकतात. गर्भारपणातील संप्रेरकांचे रक्तातील प्रमाण एकाएकी घटल्यानेही काही दिवस मन अस्थिर राहू शकते. अशी खिन्नता म्हणजे मनोविकार नव्हे.

गर्भपातामुळेच एक विशिष्ट मनोविकार जडतो, असे मत अमेरिकेत १९८१ च्या सुमारास मांडले गेले व त्यास ‘गर्भपातोत्तर लक्षणसमूह’ असे नाव देण्यात आले. मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणांत त्यास स्थान मिळालेले नाही. तत्कालीन सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप हे स्वतः गर्भपाताचे विरोधक होते. तथापि उपलब्ध पुराव्यावरून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, असे त्यांनी १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्षांना कळविले. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथील दीर्घकालीन पाहणीत (२००६) गर्भपात केलेल्या तरुणींमध्ये मनोविकारांचे प्रमाण काहीसे अधिक आढळले होते. खरा प्रश्न तुलना कोणाशी करावयाची हा आहे. नको असताना गर्भ राहिलेल्या स्त्रीची तुलना आनंदाने माता झालेल्या स्त्रीशी केल्यास निष्कर्ष आधीच ठरल्यासारखा होतो. डेन्मार्कमधील राष्ट्रीय नोंदींच्या अभ्यासात (२०११) मनोविकारासाठी प्रथमच उपचार घेण्याचे प्रमाण गर्भपातापूर्वीच्या नऊ महिन्यांत दरहजारी वार्षिक १४·६, तर नंतरच्या वर्षात १५·२, म्हणजे जवळजवळ तेवढेच होते. अमेरिकेत २००८–१० या काळात ३० केंद्रांतील सु. १,००० स्त्रियांची नोंद करून पुढे पाच वर्षे त्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या. त्यांत मुदत उलटल्यामुळे गर्भपात नाकारल्या गेलेल्या स्त्रियांत आरंभी चिंता अधिक व आत्मसन्मान कमी आढळला. हा फरक वर्षभरात मावळला. गर्भपात झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक स्त्रियांना पाच वर्षांनंतरही आपला निर्णय योग्यच वाटत होता.

तथापि काही स्त्रियांना दीर्घकाळ त्रास होतो, हेही खरे आहे. पूर्वीचा मनोविकार हे त्याचे सर्वांत ठळक पूर्वचिन्ह होय. याशिवाय पतीची किंवा सासरची जबरदस्ती, घरातील मारहाण, गुप्तता व लोकनिंदेचे भय ही कारणे महत्त्वाची आहेत. गर्भातील व्यंगामुळे हवी असलेली गर्भधारणा थांबवावी लागल्यास होणारा शोक मृतजात बालकाच्या शोकाइतकाच तीव्र असू शकतो. मुलगी नको म्हणून करविलेल्या बेकायदा गर्भपातात तर निर्णय दुसऱ्याचा आणि अपराधभाव तिचा, अशी स्थिती होते.

भारतात १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात अधिनियमाने स्त्रीच्या मानसिक स्वास्थ्यास होणारी गंभीर इजा हे गर्भपाताचे एक वैध कारण मानले. बलात्कारातून राहिलेल्या गर्भामुळे होणारी मनोवेदना ही अशीच इजा गृहीत धरली जाते. संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरल्यास विवाहितेला मिळणारी अशीच सवलत २०२१ च्या दुरुस्तीने अविवाहितेलाही लागू झाली. गर्भपातापूर्वीच्या मनाची अशी दखल घेणारा हा कायदा नंतरच्या मनाविषयी मात्र मौन पाळतो. सज्ञान स्त्रीची केवळ स्वतःची संमती पुरेशी असून तिचे नाव गुप्त राखणे बंधनकारक आहे. असे असूनही पतीची सही मागितली गेल्याचे अनुभव अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. बाळंतिणीला सव्वा महिन्याची विश्रांती, तेल-मालिश व माहेरचा आधार मिळतो. गर्भपात झालेली स्त्री पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी कामाला लागते, आणि झाले ते कोणाला सांगायचे नसल्याने विश्रांती मागण्यास तिच्यापाशी कारणही उरत नाही.

निर्णयापूर्वी एकांतात विचारपूस करून जबरदस्ती नाही याची खात्री करणे व नंतर दोषारोप न करता ऐकून घेणे, हे समुपदेशनाचे मुख्य अंग होय. खिन्नता, निद्रानाश, भूक मंदावणे किंवा कशातही रस न वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकल्यास मनोविकारतज्ञाचा सल्ला आवश्यक असतो. आत्महत्येचे विचार मनात आल्यास विलंब करू नये. १४४१६ या क्रमांकावरील ‘टेली-मानस’ ही शासकीय दूरध्वनिसेवा २०२२ पासून उपलब्ध असून तीवर मराठीतूनही बोलता येते.