दीर्घिकांच्या काठावर कोलकात्याचा ठसा

दीर्घिकेचं छायाचित्र पाहताना नजर मधल्या झगमगाटावरच खिळते. खरी धमाल मात्र कडेच्या अंधारात आहे! तिथे तारे विरळ, पण वायू भरपूर. त्याचा मंद उजेड वाचण्याच्या विद्येत कोलकात्याचा मोलाचा वाटा आहे.

बोसांचा कर्णा: जगदीशचंद्र बोस यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजात मिलिमीटरच्या मापाच्या रेडिओलहरी निर्माण केल्या. कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी रेडिओलहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवली. 1897 मध्ये लहरी गोळा करणारा त्यांचा कर्ण्यासारखा अँटेना लंडनने पाहिला.

खिडकीतला हायड्रोजन: 1951 मध्ये हार्वर्डला एवेन आणि पर्सेल यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीला कर्णाच जोडला आणि अवकाशातल्या हायड्रोजनची 21 सेंटिमीटरची लहर पहिल्यांदा टिपली. पाऊस आला की पाणी थेट आत!

एक कोटीच्या आसपास: एकटा हायड्रोजन अणू ही लहर सरासरी 1.1 कोटी वर्षांतून एकदा सोडतो. पण अणूच इतके अगणित, की लहर सतत येत राहते. तिच्या नजरेने पाहिलं की अनेक सर्पिल दीर्घिकांची वायूची तबकडी ताऱ्यांच्या तबकडीच्या दुप्पट भरते.

साहांचं समीकरण: तापलेल्या वायूतले किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात, याचं गणित मेघनाद साहांनी 1920 मध्ये कोलकात्यातून जगाला दिलं. ताऱ्यांचे वर्णपट त्यामुळे बोलू लागले.

लाल पुरावा: आयनित, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या, हायड्रोजनला तो परत मिळाला की 656.3 नॅनोमीटरचा लाल प्रकाश फुटू शकतो. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी 1970 मध्ये देवयानी दीर्घिकेतल्या अशा 67 वायुढगांचा वेग मोजला. काठाकडचे ढगही सुसाट! दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाने हा वेग पेलवत नाही, म्हणून न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा हा भक्कम पुरावा ठरला.

काठावर बाळतारे: 2022 मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्रातील कनक साहा आणि सहकाऱ्यांनी ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय अवकाश दुर्बिणीतून 11 खुज्या दीर्घिकांच्या काठांवर तरुण ताऱ्यांचा मंद अतिनील उजेड शोधला. अंतर 150 ते 390 कोटी प्रकाशवर्षं. बाहेरचं द्रव्य आत सरकतं आणि दीर्घिका वाढते.

शंभर वर्षांनी पुन्हा बोस: अमेरिकेतल्या 12 मीटर दुर्बिणीच्या 1.3 मिलिमीटर ग्राहकयंत्रात बोसांच्या 1897 मधल्या कल्पना वापरल्या गेल्या. ताऱ्यांचा कच्चा माल असलेले थंड रेणुढग याच लहरींत कार्बन मोनॉक्साइडमुळे दिसतात. कोलकात्याची ती विद्या शतकानंतरही कामाला आली, याचा अभिमान वाटायलाच हवा.