रोजा जिभेचाही असतो

रमजानमध्ये अन्नपाण्याचा रोजा सर्वांना दिसतो. जिभेचा रोजा दिसत नाही. पाठीमागे कुणाचे उणे काढणे म्हणजे गीबत. सांगितलेली गोष्ट खरी असली तरी ती गीबतच. खोटी असेल तर ते बोहतान, म्हणजे आळ. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये गीबतची तुलना मेलेल्या भावाचे मांस खाण्याशी केली आहे.

एचआयव्हीबद्दलची कुजबुज या कसोटीवर तपासून पाहावी. ‘अमक्याला दवाखान्यात त्या खोलीबाहेर पाहिले’, ‘तमकीचा नवरा कशाने गेला, ठाऊक आहे ना?’ ही वाक्ये भिशीत, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात सहज फिरतात. त्यात धर्माचा भेद नाही. बोलणारा घरी जाऊन विसरतो. इकडे कुणाचे ठरलेले लग्न मोडते, भाड्याची खोली सुटते, घरातच ताट वेगळे होते. नवऱ्याकडून लागण झालेल्या बाईच्याच चारित्र्यावर बोट ठेवले जाते.

रमजानमध्ये ‘रोजा का नाही?’ हा साधा प्रश्नही अशा माणसाला जड जातो. दिवसातून एकच गोळी असलेले काही जण डॉक्टरांना विचारून रोजे ठेवतात. ज्यांना झेपत नाही, त्यांना आजारपणाची सवलत आहे. मात्र आजाराचे नाव चारचौघांत सांगण्याचे बंधन कुणावरही नाही.

एका दस्तरखानावर जेवल्याने, गळाभेटीने किंवा डास चावल्याने एचआयव्ही पसरत नाही. २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही. पण ‘कुणी पाहील’ या धास्तीने माणसे जवळचे केंद्र सोडून परजिल्ह्यात जातात. भाड्याला पैसे नसले की खेप चुकते, गोळ्या खंडतात आणि विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. कुजबुज अशी थेट रक्तापर्यंत पोचते.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शिक्षण, उपचार, घर यांत भेदभाव करण्यास आणि विश्वासाने सांगितलेली माहिती संमतीशिवाय उघड करण्यास त्याने मनाई केली आहे. १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती आणि सल्ला मिळतो.

कट्ट्यावर मात्र कायदा बसलेला नसतो. तिथे ‘हा विषय नको’ म्हणणारे एक माणूस असले, तरी पुष्कळ होते.