मूत्रोत्सर्जक तंत्राची अर्बुदे
मूत्रोत्सर्जक तंत्राची अर्बुदे : वृक्के (मूत्रपिंडे), वृक्कद्रोणी (वृक्कात तयार झालेले मूत्र जीत गोळा होते ती नसराळ्याच्या आकाराची पोकळी), मूत्रवाहिन्या, मूत्राशय व मूत्रमार्ग या अवयवांत कोशिकांच्या (पेशींच्या) अनिर्बंध वाढीमुळे उत्पन्न होणाऱ्या गाठींचा यात समावेश होतो. ही अर्बुदे साधी किंवा मारक (कर्करोगी) असतात. उत्पत्तिस्थानानुसार त्यांचे दोन मुख्य गट पडतात. पहिल्या गटातील अर्बुदे वृक्काच्या घन भागातील सूक्ष्म नलिकांपासून उद्भवतात, तर दुसऱ्या गटातील अर्बुदे वृक्कद्रोणीपासून मूत्रमार्गापर्यंत पसरलेल्या व मूत्राच्या सतत संपर्कात असणाऱ्या अस्तरापासून उद्भवतात. या दोन गटांची कारणे, वाढीची तऱ्हा आणि चिकित्सा भिन्न आहेत. वेदनारहित रक्तमेह (मूत्रातून रक्त जाणे) हे लक्षण मात्र दोहोंतही आढळते आणि ते पुष्कळदा आपोआप थांबत असल्यामुळे फसवे ठरते.

वृक्काची साधी अर्बुदे : रक्तवाहिन्या, अरेखित स्नायू व वसा (चरबी) या तिन्ही ऊतकांचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांचे) मिश्रण असलेले वाहिनी-स्नायु-वसार्बुद हे यांपैकी महत्त्वाचे होय. ते साधे असले, तरी आकाराने मोठे झाल्यास फुटून गंभीर रक्तस्राव होऊ शकतो. आँकोसायटोमा हे दुसरे अर्बुद तपकिरी रंगाचे असून त्याच्या मध्यभागी अनेकदा वणासारखा तंतुमय भाग दिसतो. प्रतिमाचित्रणावरून ते कर्करोगापासून वेगळे ओळखणे कठीण असते.

वृक्ककोशिका कर्करोग : प्रौढांतील वृक्काच्या मारक अर्बुदांपैकी सु. ८५ ते ९० टक्के अर्बुदे या प्रकारची असतात. पाउल ग्राव्हिट्स या जर्मन विकृतिवैज्ञानिकांनी १८८३ मध्ये असे मत मांडले की, ती वृक्कात राहून गेलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या अवशेषांपासून निर्माण होतात. त्यावरून हायपरनेफ्रोमा हे नाव दीर्घकाळ रूढ होते. १९६० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने केलेल्या निरीक्षणांत या कोशिकांचे वृक्कनलिकेच्या कोशिकांशी असलेले साम्य स्पष्ट झाले व जुनी कल्पना मागे पडली.

यातील सु. तीन चतुर्थांश अर्बुदे स्वच्छकोशिक प्रकारची असतात. छेद घेतल्यावर अर्बुद सोनेरी पिवळे दिसते व त्यात रक्तस्रावाचे आणि ऊतकमृत्यूचे डाग आढळतात. त्यातील कोशिकांमध्ये वसा व ग्लायकोजेन यांचा साठा असतो. सूक्ष्मदर्शकीय तपासणीसाठी ऊतक तयार करताना हे पदार्थ विरघळून जातात आणि कोशिका रिकाम्या, स्वच्छ भासतात. अंकुरकी (बोटांसारख्या प्रवर्धांचा) व वर्णरागी हे इतर प्रमुख प्रकार होत.

स्वच्छकोशिक कर्करोगाचे मूळ बव्हंशी तिसऱ्या गुणसूत्रावरील एका जनुकाच्या विकृतीत असते. फोन हिप्पेल-लिंडाउ या आनुवंशिक रोगाच्या अभ्यासातून १९९३ मध्ये हे जनुक ओळखण्यात आले. ऑक्सिजन पुरेसा असताना या जनुकाचे प्रथिन, ऑक्सिजनन्यूनतेचा संदेश देणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचा नाश घडवून आणते. जनुक निकामी झाल्यास हा संदेश चालूच राहतो. त्यामुळे रक्तपुरवठा भरपूर असूनही कोशिका गुदमरल्याप्रमाणे वागते व नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस चेतना देते. हे अर्बुद रक्तवाहिन्यांनी इतके समृद्ध का असते, याचे हे स्पष्टीकरण आहे. कोशिकांच्या ऑक्सिजन-संवेदनेविषयीच्या संशोधनाबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ व ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वृक्कनीलेत शिरून अधोमहानीलेत व क्वचित हृदयाच्या उजव्या अलिंदापर्यंत दोरासारखे वाढत जाणे, हे या कर्करोगाचे वैशिष्ट्य होय. फुप्फुसे, अस्थी, यकृत व मेंदू येथे त्याची दुय्यम अर्बुदे होतात. वृक्क काढून टाकल्यानंतर अनेक वर्षांनीही ती प्रकट होऊ शकतात.

विल्म्स अर्बुद : मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांत आढळणारे हे मारक अर्बुद माक्स विल्म्स या जर्मन शस्त्रक्रियाविशारदांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी १८९९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. भ्रूणावस्थेतील वृक्काच्या आद्य कोशिका, अपूर्ण नलिका व संयोजी ऊतक असे तीन घटक त्यात एकत्र दिसतात. जणू वृक्क घडण्याची क्रिया मध्येच भरकटलेली असते. मुलाला अंघोळ घालताना आईच्या हाताला पोटातील गाठ लागणे, ही या रोगाची नेहमीची सुरुवात होय. शस्त्रक्रिया, औषधे व जरूर तेथे प्रारण चिकित्सा यांच्या एकत्रित उपयोगाने बहुसंख्य मुले बरी होतात.

अस्तराची अर्बुदे : वृक्कद्रोणी, मूत्रवाहिन्या, मूत्राशय व मूत्रमार्गाचा काही भाग यांवर एकाच प्रकारचे अनेकस्तरी अस्तर असते. त्याला संक्रमणी उपकला म्हणतात. मूत्राबरोबर उत्सर्जित होणारी कर्कजनक द्रव्ये या सर्व पृष्ठभागाला स्पर्श करतात. म्हणून अर्बुदे एकाच वेळी अनेक ठिकाणी उद्भवतात आणि एक काढल्यावर दुसऱ्या जागी नवे उत्पन्न होते. मूत्र मूत्राशयात तासन्‌तास साठून राहत असल्यामुळे बहुतेक अर्बुदे तेथेच होतात.

मूत्राशयातील अर्बुदांचे दोन आकार महत्त्वाचे आहेत. अंकुरकी अर्बुद नाजूक देठावर शेवाळासारखे पोकळीत वाढते व पुष्कळदा मंदगती असते. सपाट कर्कात मात्र गाठ दिसतच नाही. अस्तर केवळ लालसर, मखमली भासते, पण त्यातील कोशिका अत्यंत विकृत असून खोलवर शिरण्याकडे त्यांचा कल असतो. अर्बुद मूत्राशयाच्या स्नायुस्तरात शिरले आहे किंवा नाही, यावर रोग्याचे भवितव्य मुख्यत्वे अवलंबून असते. निदानाच्या वेळी सु. ७० ते ७५ टक्के अर्बुदे या स्तरापर्यंत पोहोचलेली नसतात.

कारणे : फ्रँकफुर्ट येथील शस्त्रक्रियाविशारद लूटव्हिख रेन यांनी १८९५ मध्ये फुक्सिन रंगाच्या कारखान्यातील कामगारांत मूत्राशयाची अर्बुदे आढळल्याचे दाखवून दिले. विल्हेल्म ह्यूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ मध्ये रंगनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या बीटा-नॅप्थिलामिनामुळे कुत्र्यांत असा कर्करोग होतो, हे प्रयोगाने सिद्ध केले. संपर्क व रोग यांमध्ये अनेकदा वीस वा अधिक वर्षे जातात. त्यामुळे काम सोडल्यानंतर उद्भवलेल्या रोगाचा कामाशी असलेला संबंध सहज नजरेआड होतो. आज तंबाखूचे धूम्रपान हे सर्वांत मोठे कारण मानले जाते. धुरातील ॲरोमॅटिक अमाइने रक्तावाटे वृक्कात व तेथून मूत्रात येतात. धूम्रपान, लठ्ठपणा व उच्च रक्तदाब यांमुळे वृक्ककोशिका कर्करोगाचाही धोका वाढतो.

ईजिप्तमध्ये शिस्टोसोमा या कृमीच्या अंड्यांमुळे मूत्राशयाचा दीर्घकालीन दाह होऊन शल्की (चपट्या) कोशिकांचा कर्करोग मोठ्या प्रमाणात आढळत असे. भारतात हा कृमिरोग दुर्मिळ आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी त्याचे रुग्ण आढळल्याची नोंद १९५२ मध्ये झाली.

लक्षणे व निदान : रक्तमेह एकदाच होऊन काही आठवडे वा महिने थांबू शकतो. वेदना नसल्याने रोगी निश्चिंत होतो, रक्त थांबल्यास औषध लागू पडले असे समजतो आणि याच काळात अर्बुद स्नायुस्तर गाठते. म्हणून प्रौढ व्यक्तीच्या मूत्रात एकदा जरी रक्त दिसले, तरी त्याचे कारण शोधणे आवश्यक असते. वृक्काच्या कर्करोगात कुशीतील वेदना, हाताला लागणारी गाठ व रक्तमेह ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसणे हे सामान्यतः रोग वाढल्याचे चिन्ह असते. ज्वर, वजन घटणे व पांडुरोग हीही लक्षणे आढळतात. आता अनेक अर्बुदे अन्य कारणांसाठी केलेल्या श्राव्यातीत तपासणीत अकस्मात सापडतात. मूत्रातील कोशिकांची तपासणी, संगणकीय छेदचित्रण व मूत्राशयदर्शन यांनी निदान होते. माक्स निट्से यांनी १८७७ मध्ये प्रथम दाखविलेला मूत्राशयदर्शक हे या परीक्षेचे मूळ साधन होय. अर्बुदाचा प्रकार, प्रत व खोली यांचा अंतिम निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच होतो.

चिकित्सा : वृक्कातील लहान अर्बुद शक्य तेथे उरलेले वृक्क राखून काढतात, तर मोठ्या अर्बुदासाठी संपूर्ण वृक्क काढावे लागते. पसरलेल्या रोगावर रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी व प्रतिकारक्षमता चेतविणारी औषधे देतात. मूत्राशयातील वरवरची अर्बुदे मूत्रमार्गातून उपकरण घालून खरवडून काढतात. त्यांपैकी पुनरुद्‌भवाचा धोका अधिक असलेल्या रोग्यांच्या मूत्राशयात बीसीजी ही क्षयप्रतिबंधक लस सोडतात. आल्व्हारो मोरालेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये या उपायाचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्नायुस्तरात शिरलेल्या कर्करोगासाठी बहुधा संपूर्ण मूत्राशय काढून मूत्रविसर्जनाचा वेगळा मार्ग तयार करावा लागतो. निवडक रोग्यांत प्रारण व औषधे यांच्या साहाय्याने मूत्राशय राखता येते. एक अर्बुद काढल्याने उरलेल्या अस्तराचा धोका संपत नाही. त्यामुळे बरे वाटू लागल्यानंतरही ठराविक काळाने मूत्राशयदर्शन करून घेणे हा चिकित्सेचाच भाग समजला जातो.