सहकुटुंब लेण्याद्री : एका दिवसाचा बेत

मढ येथून, पिंपळगाव जोगा जलाशय मागे टाकून, ओतूरमार्गे निघालेल्या कुटुंबास लेण्याद्रीचा डोंगर एका दिवसात निवांतपणे पाहून परतता येतो; मात्र लेणी दक्षिणाभिमुख असल्याने आणि सुमारे 300 पायऱ्या उन्हात चढावयाच्या असल्याने प्रयाण पहाटेसच करावे, पाणी मुबलक घ्यावे, आणि गुडघ्यांची तक्रार असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी पायथ्याशी डोलीची चौकशी करावी.

वर सुमारे 30 लेणी आहेत. ती सर्व दाखविण्याचा अट्टाहास लहान मुलांवर लादू नये. सहाव्या लेण्यातील स्तूपयुक्त चैत्यगृह, आणि सातव्यातील तो विशाल विहार, ज्याच्या सभागृहात एकही स्तंभ नाही व ज्याच्या तीन बाजूंस भिक्षूंच्या 20 कोठड्या कोरलेल्या आहेत, एवढे सावकाश पाहिले तरी पुष्कळ झाले. याच बौद्ध विहारात कालांतराने अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाची स्थापना झाली. म्हणूनच येथे देवदर्शनासही पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढावे लागते, हे कित्येकांस चमत्कारिक वाटते. चतुर्थीस गर्दी लोटते, तो दिवस शक्यतो टाळावा.

कड्यांवर आग्या मोहोळे असतात. तेथे धूर वा आरडाओरडा कदापि करू नये, आणि माकडांदेखत शिदोरी सोडू नये.