वारा वळला, चला समुद्रात!

गणपती झाले, नवरात्र झालं आणि आता ऑक्टोबर हीट. लोकलमध्ये घामाघूम झालेल्या मुंबईकराला विचाराल, तर हा वर्षातला सगळ्यात बोअर महिना. पण गेटवेसमोरच्या पाण्यात या महिन्याची चातकासारखी वाट बघणारी एक गँग आहे. सेलिंगवाल्यांची! पावसाळाभर झाकून ठेवलेल्या बोटी आता बाहेर निघतात. तळ घासायचा, रंगाचे पोपडे काढायचे, दोर तपासायचे, विरलेली शिडं शिवायला टाकायची. सीझनच्या सुरुवातीला हातात सुकाणूपेक्षा सँडपेपरच जास्त वेळ असतो.

मुंबईत हा सिलसिला जुना आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ची. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला की गेटवे-मांडवा लाँचसुद्धा बंद होतात, मग शिडाच्या छोट्या होड्यांची काय कथा? म्हणून इथलं सेलिंगचं वर्ष जानेवारीत नाही, पाऊस गेल्यावर सुरू होतं.

भूगोल आठवतोय?

खारे वारे आणि मतलई वारे. दोन मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरलो, बरोबर? सेलिंगमध्ये सगळा खेळ त्यांचाच आहे. सकाळी जमिनीवरून मंद मतलई वारा येतो. ऊन चढलं, जमीन तापली की तो पडतो आणि समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. ऑक्टोबरमध्ये पूर्वेचा वारा लवकर हटत नाही, त्यामुळे खारा वारा उशिरा पोचतो. तेवढा वेळ शहर तापतं आणि सेलर्स बोटीत ताटकळतात. म्हणजे तुम्ही प्लॅटफॉर्मवर ज्याच्या नावाने बोटं मोडता, त्याच वाऱ्याची तेही वाट बघत असतात!

वारा नसेल तर रेसही नाही. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा वर चढला, की सगळ्यांनी थांबायचं. वारा आला की पाच मिनिटांचा काउंटडाउन. त्यातही गंमत अशी, की शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊच शकत नाही. नागमोडी वळणं घेत पुढे सरकावं लागतं. कुठे वळायचं, हे ज्याला आधी कळलं तो पुढे. आणि नियम मोडला तर? शिट्टी मारायला रेफ्री शेजारी नसतो. चूक मान्य करून आपणच बोटीच्या दोन गिरक्या घ्यायच्या आणि मग पुढे जायचं.

भरती-ओहोटीचं गणितही डोक्यात ठेवावं लागतं. त्यासाठी अ‍ॅप आहेतच, पण आपल्याकडचा देशी फॉर्म्युला जास्त भारी आहे. तिथीला पाऊणने गुणा. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अंदाजापुरतं पक्कं!

‘आपलं काम नाही’?

सेलिंग म्हटलं की पांढरे कपडे, गॉगल आणि पैसेवाले, असंच चित्र डोळ्यांसमोर येतं. ते अगदीच खोटं नाही. स्वतःची बोट घ्यायची तर खर्च लाखांत जातो आणि क्लबची मेंबरशिपही खिशाला झेपणारी नसते. पण गोष्ट तिथे संपत नाही.

हांगझोऊ एशियन गेम्समध्ये २०२३ साली नेहा ठाकूरने मुलींच्या आयएलसीए-४ प्रकारात सिल्व्हर मिळवलं. ती मध्य प्रदेशातल्या शेतकरी कुटुंबातली. तिथे समुद्र नावालाही नाही, ती शिकली भोपाळच्या तलावावर! याच गेम्समध्ये ब्राँझ मिळवणारा विष्णू सरवणन लष्करातला. टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक त्याने केली. चेन्नईची नेत्रा कुमनन ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला सेलर. तिनेही ही दोन्ही ऑलिंपिक गाठली.

मोठ्या सफरींचा मुहूर्तही पावसाळा सरल्यावरचाच. अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ला मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन एकटा निघाला, तो कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करूनच परतला. दिलना के. आणि रूपा ए. या नौदलातल्या दोघी २ ऑक्टोबर २०२४ला गोव्याहून ‘तारिणी’तून निघाल्या आणि पुढच्या मेमध्ये जगाला वळसा घालून आल्या.

मग ७२० किलोमीटरचा किनारा पाठ करून मोठे झालेले आपण कुठे आहोत? मरिन ड्राइव्हच्या कट्ट्यावर, पाण्याकडे पाठ करून सेल्फी काढत. तलाववाले मेडल आणतात आणि समुद्रवाल्यांना पोहायलाही येत नाही, हे जरा खटकायला हवं ना?

ट्राय करायचंय?

• आधी पोहणं शिका. पण पट्टीचं पोहता आलं तरी लाइफ जॅकेट मस्टच.

• कॉलेजमध्ये एनसीसीची नेव्हल विंग असेल तर चौकशी करा. तिथे शिडाची होडी चालवायला शिकवतात.

• बोट नसली तरी क्रू होता येतं. मोठ्या बोटींना जास्तीचे हात लागतातच.

• घरात लहान भावंडं असतील तर त्यांच्यासाठी ‘ऑप्टिमिस्ट’ ही छोटी बोट असते, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांची.

• बोट उलटणार आणि तुम्ही पाण्यात पडणार, हे धरूनच चला. उलटलेली बोट सरळ करणं हा सुरुवातीचाच धडा असतो. तो जमला की अर्धी भीती गेलीच म्हणून समजा!