चारपासून शून्यापर्यंत

स्वयंसंदर्भाच्या विरोधाभासांवर लिहायचे म्हटले की आधी क्रीटचा एपिमेनिडिस, मग गावातला न्हावी, मग गोडेल असा क्रम ठरलेला असतो. वाचकाला तो ठाऊक आहे असे धरून चालतो. माझा जीव ज्या शाखेत अडकला आहे, ती या साऱ्याच्या पलीकडे सुरू होते.

तरी जुना हिशेब थोडक्यात. जून १९०२ मध्ये रसेलचे पत्र फ्रेगेला मिळाले, तेव्हा फ्रेगेच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात होता. स्वतःचे सदस्य नसलेल्या संचांचा संच, एवढ्या एका कल्पनेने आयुष्यभराचे काम हादरले, आणि फ्रेगेने ते परिशिष्टात सरळ मान्य केले. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला आजही आदर वाटतो. रिशार, ग्रेलिंग, रसेलची प्रकारपद्धती हा प्रदेश भरभर ओलांडू. बोडलियन ग्रंथालयातल्या बेरीचे कोडे मात्र लक्षात असू द्या. 'इतक्या शब्दांत सांगता न येणारी सर्वांत लहान संख्या' हे वर्णनच तेवढ्या शब्दांत बसते. त्याच कोड्यातून जॉर्ज बुलोसने १९८९ मध्ये गोडेलच्या अपूर्णता प्रमेयाची अगदी आटोपशीर सिद्धता काढली.

हे सारे आपल्या ग्रंथांत आधीच होते, असे सांगणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. 'वाक्यपदीया'च्या तिसऱ्या कांडात भर्तृहरीने 'मी बोलतो ते सर्व खोटे' या वाक्याचा विचार केला आहे, हे खरे. बोलणाऱ्याला त्या 'सर्वा'त तेच वाक्य अभिप्रेत नसते, असे तो म्हणतो, आणि ते मार्मिक आहे. पण म्हणजे तो वाक्याला स्वतःकडे वळूच देत नाही. गोडेलने १९३१ च्या निबंधात नेमके उलटे केले. चिन्हांना, सूत्रांना, सिद्धतांना क्रमांक देऊन त्याने अंकगणितालाच स्वतःच्या सिद्धतांविषयी बोलायला लावले. तिथे वाक्याला स्वतःकडे वळण्यापासून कोणी अडवू शकत नाही. ही दोन वेगळी कामे आहेत. ती एक मानल्याने दोघांवरही अन्याय होतो.

माझे दुसरे भांडण याहून जुने आहे. 'काही सत्ये माणसाला कधीच कळणार नाहीत असे गोडेलने सिद्ध केले', हे वाक्य मी व्याख्यानांत आणि पुस्तकांत इतक्यांदा गाठले आहे की आता वादालाही थकवा येतो. गोडेलने असे काही म्हटलेले नाही. त्याचे प्रमेय एका ठरावीक नियमव्यवस्थेविषयी आहे. ती सुसंगत असावी, तिच्यातली सिद्धता यांत्रिकपणे तपासता यावी आणि तिला पुरेसे अंकगणित यावे. तिच्या आत जे सिद्ध होत नाही, ते एक पायरी वर चढल्यावर सिद्ध होऊ शकते.

याचा पुरावा म्हणून मी नेहमी गुडस्टाइनकडे बोट दाखवतो. रूबेन गुडस्टाइन केंब्रिजला विट्गेन्श्टाइनचा विद्यार्थी होता. त्याचा १९४४ चा निबंध माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर निबंध आहे, कारण तो शाळकरी मुलालाही दाखवता येतो. ४ घ्या. २ च्या पायात ही संख्या २ चा २ रा घात. आता प्रत्येक २ च्या जागी ३ लिहा, म्हणजे ३ चा ३ रा घात, २७. त्यातून १ वजा केला की २६. ते ३ च्या पायात मांडा, ३ चे ४ करा, १ वजा करा: ४१. मग ६०, ८३, १०९. घातांकातही पाया दिसला तर तोही बदलायचा. पाया वाढतच जातो, वजाबाकी मात्र दर वेळी एकाचीच. विद्यार्थ्यांना विचारले की ही माळ कुठे जाईल, तर सगळे म्हणत, अनंताकडे. गुडस्टाइन म्हणतो, ती शून्यावर येते. कुठल्याही संख्येपासून सुरू करा, शून्यावरच येते.

३ पासूनची माळ चटकन संपते: ३, ३, ३, २, १, ०. पण ४ ची माळ संपायला लागणाऱ्या पायऱ्यांचा आकडा लिहायचा तर त्यात बारा कोटींहून अधिक अंक येतात.

ती का संपते? प्रत्येक पायरीवर पायाच्या जागी ओमेगा हे अनंत क्रमचिन्ह ठेवा. ४ चे होते ओमेगाचा ओमेगावा घात. २६ चे होते ओमेगाच्या वर्गाची दुप्पट, अधिक ओमेगाची दुप्पट, अधिक २. पाया बदलल्याने ही सावली हलत नाही, वजाबाकीने मात्र खाली येते. आणि अशा क्रमसंख्यांची उतरंड अनंतकाळ चालू शकत नाही. झाली सिद्धता. हा शेवटचा टप्पा, एप्सिलॉन-शून्य या क्रमसंख्येपर्यंतचे विगमन, गेऱ्हार्ड गेन्ट्सेनचा. १९३६ मध्ये त्याने त्याच बळावर अंकगणिताची सुसंगती सिद्ध केली होती. पुढे तो नाझी पक्षात गेला, ते मी झाकत नाही. १९४५ मध्ये प्रागच्या तुरुंगात तो उपासमारीने गेला. त्याची सिद्धता ज्याने वाचली नाही, त्याने 'गणिताची सुसंगती सिद्ध करण्याचे हिल्बर्टचे स्वप्न मेले' असे लिहू नये.

आपले प्रमेय नेहमीच्या अंकगणिताच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे गुडस्टाइनला तेव्हाच वाटत होते. पॉल बर्नाइसने शंका काढल्यावर त्याने तो दावा मसुद्यातून काढला. १९८२ मध्ये लॉरी कर्बी आणि जेफ पॅरिस यांनी तो खरा ठरवला. नेहमीच्या अंकगणिताचा पाया असलेल्या पेआनोच्या स्वयंसिद्धांतून हे प्रमेय सिद्ध होत नाही. त्याआधी १९७७ मध्ये पॅरिस आणि हॅरिंग्टन यांनी रॅम्सीच्या प्रमेयाचे असेच रूप शोधले होते. म्हणून 'गोडेलचे वाक्य कृत्रिम, खऱ्या गणिताला त्याचे काय' असे म्हणणाऱ्यांना मी ४ ची माळ लिहायला सांगतो. तिच्यात कुठलेच वाक्य स्वतःविषयी बोलत नाही. फक्त अशा माळांची लांबी इतक्या प्रचंड वेगाने वाढते की त्या सगळ्याच संपतात, हे पेआनोच्या नियमांना पकडता येत नाही.

आमच्या शनिवारच्या अभ्यासमंडळात ही माळ फळ्यावर चढली की मुले शेवटची बस चुकवून बसत. आता बी. एस्सी. करून आलेल्या मुलांना गणिती तर्कशास्त्राचा एकही धडा झालेला नसतो. अपूर्णता प्रमेय त्यांना दोन मिनिटांच्या चित्रफितीतून, तेही गूढाच्या वेष्टनात मिळते. याचे मला मनापासून दुःख आहे. सूत्रांचे क्रमांक स्वतःच्या हाताने कधी मांडले नाहीत, तर गोडेलने काय केले ते कळणार कसे?

जगात मात्र सिद्धतेच्या सीमांवरचे हे काम थांबलेले नाही. रिकाम्या फितीवर सुरू होऊन थांबणारी पाच स्थितींची ट्युरिंग-यंत्रे जास्तीत जास्त किती पावले चालतात, याचे उत्तर २०२४ मध्ये संगणकाने तपासलेल्या सिद्धतेसह मिळाले: ४,७१,७६,८७०. तेवढे चालणारे यंत्र १९८९ मध्येच सापडले होते. बाकीची एकूण एक यंत्रे निकालात काढायला पस्तीस वर्षे लागली, आणि त्यात हौशी मंडळींचा मोठा वाटा होता. सहा स्थितींवर मात्र वाट अडली आहे. तिथल्या एका यंत्राचे थांबणे कोलाट्झसारख्या प्रश्नावर येऊन ठेपते, आणि तसला प्रश्न सोडवायची रीत आज कोणाकडेच नाही.